मग शेत कोण कसत होतं?

पत्राचा सारांश: "मी ३४ वर्षांची, पुण्यात नोकरी करते, लग्न केलेलं नाही. गेल्या माघात माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गेली. वय ८३-८४ असावं, नक्की कुणालाच माहीत नाही. आता वर्षश्राद्धाला तीन महिने आहेत. त्या दिवशी आजीवर चार-सहा पानांची पुस्तिका छापून पाव्हण्यांना द्यायची असं घरात ठरलंय आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आजी सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या एका वस्तीवर, शेतकऱ्याच्या घरात वाढली. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या गावात आली. आजोबा मुंबईला गिरणीत होते, जत्रेला आणि मे महिन्यात घरी यायचे. तिने पाच मुलं वाढवली. काकांनी मजकूर पाठवलाय : 'अत्यंत सोशीक, कुटुंबवत्सल गृहिणी, घर हेच तिचं विश्व.' तो वाचून मला रागच आला. या घराने तिला राबवून घेतलं, असं मला लिहावंसं वाटतं. आई म्हणते, श्राद्धाच्या दिवशी वाद नकोत. आत्या म्हणते, तिच्या माहेरच्या जमिनीचा विषय काढू नकोस. आणि लिहायला बसले की लक्षात येतं, माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाहीच. नुसत्या किरकोळ गोष्टी. किराणा दुकानात ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून बघायची, मला लाज वाटायची. शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती, तेच ते सांगत बसायची आणि मी फोन बघत हं-हं करायचे. तिच्या दहाव्याला तिची धाकटी बहीण कुठल्या तरी वेगळ्याच नावाने तिला हाका मारून रडत होती. आजीचं माहेरचं नाव दुसरं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी काय लिहू? लिहूच नको का?"

तुझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी थांबले. आजोबा जत्रेला आणि मे महिन्यात यायचे, असं तू सहज लिहून पुढे गेलीस. मी मात्र बोटांवर हिशोब करायला लागले. तुमच्याकडच्या जत्रा बहुतेक चैत्रातल्या. मे संपला की आजोबा परत मुंबईला, गावकीच्या, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत आणि खानावळीच्या डब्यावर. आणि बाजरीची पेरणी मृगाचा पाऊस पडल्यावर, म्हणजे जूनमध्ये. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा गणपती ते घटाच्या दरम्यान. तो काढायला येतो माघ-फाल्गुनात. म्हणजे वर्षातलं एकही मोठं काम आजोबांच्या रजेत बसत नाही. मग तुमचं शेत कोण कसत होतं?

हा प्रश्न काकांच्या मजकुरात नाही आणि तुझ्या रागातही नाही. काकांना ती सोशीक वाटते, तुला ती राबवून घेतलेली वाटते. दोन्हीकडे तिच्यावर काहीतरी घडतंय, ती स्वतः काही करताना दिसत नाही. मला वाटतं तुझी अडचण इथे आहे. लिहायला काही नाही असं वाटतं, कारण तुम्ही दोघंही तिच्या स्वभावाबद्दल विचार करताय. तिच्या कामाबद्दल अजून कुणी विचारलेलंच नाही.

माण-खटाव हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस तिथवर पोचत नाही. जमिनीवर भागत नाही म्हणून त्या भागातली बापयमाणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरणीत गेली आणि जमीन बायकांच्या हाती राहिली. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं, औताला बैल जुंपलेत ते दिराने नाहीतर सावडीतल्या, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबणाऱ्या, शेजाऱ्याने, पण कुठल्या तुकड्यात काय घालायचं, वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, झाला की नाही, यंदा बी घरचं वापरायचं की उसनं आणायचं, हे ठरवायला मुंबईहून पत्र यायची वाट बघत बसलं तर ओल निघून जाते. ठरवणारी तीच होती. रेशनकार्डावर, बँकेच्या फॉर्मवर तिच्यापुढे 'गृहिणी' लिहिलेलं असेल. तिच्या वयाच्या गावाकडच्या बहुतेक बायकांपुढे तेच लिहिलेलं असतं.

आता त्या किराणा दुकानातल्या दाण्याकडे ये. तुला ज्याची लाज वाटायची ती तुझ्या आजीची विद्या होती. ज्वारी साठवायची तर ती कडक वाळलेली हवी. ओलसर राहिली तर कणगीत बुरशी धरते, पोरकिडे होतात, आणि पुढच्या सुगीपर्यंतचं अन्न जातं. दाताखाली धरलेला दाणा कट्‌कन फुटला तर वाळलाय, नुसता चेपला तर अजून दोन उन्हं दाखवायची. तिने हे वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी वस्तीवर आईच्या शेजारी खळ्यात बसून शिकलेलं असणार. तुमच्या गावात आल्यावर घरातली खाणारी तोंडं वर्षभर त्या एका दाताच्या आवाजावर अवलंबून होती. नंतर तिचं शेत सुटलं, वस्ती सुटली, गाव सुटलं, पण प्लॅस्टिकच्या पिशवीतली ज्वारी समोर आल्यावर दात आपोआप पुढे आले. तू जर ही पुस्तिका लिहिलीस, तर माझ्या मते पहिला परिच्छेद हाच असावा. तुझ्या लाजेसकट लिही.

आणि 'तेच तेच सांगत बसायची' म्हणतेस, त्याबद्दल. एक वही घे आणि ती काय सांगायची ते आठवेल तसं उतरव. तू फोन बघत होतीस हे खरं आहे, ते तुला सलतंय आणि सलणारच. मी त्यावर फुंकर घालणार नाही. पण एकच गोष्ट पंचवीस वेळा कानावर पडली की ती अर्धवट लक्ष असलं तरी आत जाते. अर्धी गोष्ट आठवेल, मधलं माणूस विसरशील, गावाचं नाव चुकेल. चुकू दे. पुढे विचारायला जाशील तेव्हा ही अर्धी गोष्टच उपयोगी पडते. समोरचं माणूस लगेच म्हणतं, "छ्या, तसं नव्हतं ते," आणि खरी गोष्ट सांगायला लागतं.

विचारायला कुठे जायचं, ते तुझ्या पत्रातच आहे. ती धाकटी बहीण, तुझी मावशीआजी. आजीला लहानपणीच्या नावाने हाक मारणारं जगातलं ते बहुधा शेवटचं माणूस असेल. तिच्याकडे लवकरात लवकर जा. फोनवर नको, प्रत्यक्ष जा, आणि दोन दिवस राहायच्या तयारीने जा.

विचारायचं कसं, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं मला बरीच येतात आणि सगळ्यांची गाडी इथेच अडते. "आजी कशी होती?" असं विचारलंस की उत्तर येतं, "देवमाणूस होती गं." तिथे बोलणं संपतं. त्या पिढीच्या बायकांना स्वतःबद्दल किंवा एकमेकींबद्दल असं घाऊक बोलायची सवय नाही. कामाबद्दल विचार. पेरायची पाभर कुणाकडची यायची? तिच्या चाड्यावर, जिथून बी सोडतात तिथे, मूठ कुणाची असायची? विहिरीवर मोट होती का, आणि पाटाचं पाणी धरायला कोण जायचं? राखणीला माळ्यावर कोण बसायचं, गोफण कुणाची लांब जायची? शाळू उपटताना हाताला काय बांधायचात? बी कशात ठेवायचात? यातल्या एकेका प्रश्नाला ती अर्धा तास बोलेल. मध्ये हसेल. बियाण्याचं गाडगं, त्यात राखेत घोळवलेले दाणे, वरून शेणाने लिंपलेलं तोंड, ते फोडायचा दिवस, त्या दिवशी घरात काय रांधलेलं, असं एकातून एक निघत जातं. त्यातच कुठेतरी तुझी आजी येते, परकर-पोलक्यातली, आणि तिला काय येत होतं, काय आवडत नव्हतं, कशासाठी मार खाल्ला, ते कळतं.

हातात काहीतरी काम घेऊन बस. शेंगा फोड, लसूण सोल, पावटा निवड. समोर नुसता मोबाईल धरून बसलीस तर तीही पदर सावरून बसेल आणि सभेत बोलल्यासारखं बोलेल. आवाज जरूर टेप कर, पण तिला विचारून, आणि फोन बाजूला ठेवून. शक्य झालं तर तिला घेऊन त्या वस्तीवर जा. आज तिथे घर पडलेलं असेल, विहीर बुजलेली असेल, बांधावरचं एखादं झाड तेवढं उरलं असेल. तरी जा. जागेवर गेल्यावर माणसाला जे आठवतं ते पंख्याखाली बसून आठवत नाही.

जात्यावरच्या ओव्या आठवतात का, हे विचारायला विसरू नकोस. पहाटे जातं ओढताना बायका भाऊ, माहेर, पाऊस, विठोबा, मनातलं दुःख, सगळं गायच्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या हजारभर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आता त्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता येतात, काही ऐकताही येतात. मावशीआजीला त्यातली एखादी ऐकव. "आमच्याकडे हे असं नव्हतं म्हणत," असं म्हणून ती कदाचित स्वतः सुरू होईल.

तिचं वय नक्की कुणाला माहीत नाही, याची खंत करू नकोस. त्या पिढीतल्या अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी सोयीने १ जून लिहिलेला असतो, आणि जी शाळेत गेलीच नाही तिच्या नशिबी तेवढंही नाही. मोठ्या घटना धरून चाल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या वेळच्या साताऱ्याकडच्या बाईला ती पहाट विसरता येत नाही. तेव्हा आजीच्या कडेवर कोण होतं? १९७२ च्या दुष्काळात पोटात कोण होतं, पाळण्यात कोण होतं? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी घरांतली माणसं गावी परतली, तुझे आजोबाही बहुतेक त्यातच. मनीऑर्डर बंद झाली तेव्हा घर कशावर चाललं? तुझ्या वडिलांना विचार. ते तेव्हा कळत्या वयाचे असतील.

बहात्तरवर थोडी थांब. माणसारख्या तालुक्यात त्या वर्षी घराघरांतल्या बायका दुष्काळी कामावर गेल्या. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. खडी फोडायची, पाट्या वाहायच्या, आणि पोर जवळच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. कामावर सुकडी हा पौष्टिक खाऊ मिळायचा, रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, यायचा. त्याच अनुभवातून पुढे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला आणि मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक ठरलं. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या तलावाच्या भरावात तुझ्या आजीने वाहिलेली माती असेलही. असेलच असं मी म्हणत नाही. विचार, आणि असली तर त्या तलावाचा फोटो पुस्तिकेत घाल.

आता आत्या ज्याला घाबरते त्या विषयाकडे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस मानलं. व्यवहारात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. बाप गेल्यावर बहिणींची नावं लागली आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रावर त्यांचे अंगठे झाले. तुझ्या आजीच्या बाबतीत नेमकं काय घडलं हे तू लिहिलेलं नाहीस, पण आत्याच्या घाबरण्यावरून अंदाज येतो. तुला सरकारी कागद बघायचा असेल तर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात, नाहीतर तहसील कचेरीत अर्ज करून नक्कल मिळते. तिचं माहेरचं नाव तुला एखाद्या फेरफारावर सापडेल.

पण ते पुस्तिकेत कसं घ्यायचं? मी अनेक बायकांना विचारलंय, का सही केलीस? बहुतेकींचं उत्तर एकच असतं. जमीन घेतली असती तर माहेरचा उंबरा बंद झाला असता. तुझ्या आजीने माहेरची जमीन सोडून माहेर राखलं असेल, तर तो तिने केलेला हिशोब होता. तिला तो करावा लागला हा अन्याय आहे, आणि हिशोब तिचा होता हेही खरं आहे. ज्या बाईला मातीतलं एवढं कळत होतं तिने स्वतःच्या नावाची माती सोडली, हे एका वाक्यात, कुणाला दोष न देता लिहिता येतं. पाव्हण्यांसमोर मामाच्या घरची पंचाईत करायचा तो दिवस नव्हे, इथे मी तुझ्या आईच्या बाजूची आहे. पण विषय पूर्ण गाळू नकोस. छापण्याआधी ते वाक्य आत्याला वाचून दाखव. ती काय म्हणते ते नीट ऐक. कदाचित तिला स्वतःच्या हक्कसोडपत्राबद्दल बोलायचं असेल.

तुझ्या रागाबद्दल एक गोष्ट विचारते, वाईट वाटून घेऊ नकोस. तू लग्न केलेलं नाहीस, हे पत्रात पहिल्याच ओळीत आलं. 'कुटुंबवत्सल' या शब्दाचा एवढा राग येतो, तो आजीच्या वतीने येतो की तुझ्या स्वतःच्या? म्हणजे, आजीचं घरासाठी झिजणं थोर म्हटलं की तुझं जगणं आपोआप कमी ठरतं, असं कुणी तुला ऐकवत असेल का? तसं असेल तर तो राग रास्त आहे. पण तो तिच्या पुस्तिकेत सांडू देऊ नकोस, काकांशी थेट बोल. कारण घर तिचं होतंच. पाच पोरांच्या ताटात भाकरी पडावी म्हणूनच ती त्या कोरडवाहू जमिनीशी झगडत होती. शेतकरीण होती असं लिहिताना तिच्यातली आई पुसायची गरज नाही. तू 'हिला राबवून घेतलं' एवढंच लिहिलंस, तर तिला त्यात कधी आनंद झाला असेल ही शक्यताच संपते. वावडीवर, म्हणजे उपणायच्या उंच तिवईवर, उभं राहून धान्य उपणताना अचानक चांगला वारा सुटतो, भुस्सा लांब उडतो आणि पायाशी स्वच्छ रास पडत जाते, तेव्हा उपणणारीच्या चेहऱ्यावर काय असतं ते मी पाहिलेलं आहे.

काकांचा मजकूरही फेकून देऊ नकोस. माझी आई गेली तेव्हा वर्तमानपत्रातली जाहिरात मीच लिहिली. 'मनमिळाऊ, प्रेमळ, कुटुंबवत्सल.' सकाळी पान उघडलं तर आईच्या शेजारी आणखी दोन बायकांचे फोटो होते आणि तिघींखाली तेच शब्द. मी खूप रडले त्या दिवशी. पण ते शब्द लिहिताना मी खोटं बोलत नव्हते. दुःखात माणसाला तयार शब्दच सापडतात. काकांचंही तेच झालं असणार. त्यांना फोन कर आणि म्हण, "काका, 'सोशीक' लिहिलंय ते बरोबर आहे, पण एक प्रसंग सांगा ना." एक प्रसंग मिळाला की तो शब्द आपोआप नको होतो, आणि प्रसंग काकांच्या नावाने छाप.

भावंडांच्या आठवणी एकमेकांशी जुळणार नाहीत. थोरल्याला आई मारकुटी आठवेल, धाकट्याला मऊ. आजोबा परत आल्यानंतरची आई आणि त्याआधीची आई, या दोन वेगळ्या बायका असू शकतात. जुळवत बसू नकोस. दोन्ही लिही आणि कोण कधी जन्मलं ते सांग, वाचणाऱ्याला कळतं.

आणि तुझ्या आईला विसरू नकोस. सगळ्या पत्रात आई एका वाक्यापुरती येते, वाद नकोत म्हणणारी. आजीच्या हाताखाली चूल, गोठा, पाहुणे, आणि शेवटची दोन वर्षं आजीचं आजारपण, हे कुणी पाहिलं? सासू म्हणून आजी कशी होती ते तिला विचार, आणि ते छापायचं नाही असं वचन देऊन विचार.

ज्यांच्या आज्या आज घरात आहेत अशा वाचकांना मी एवढंच सांगेन की हे सगळं तुम्ही थेट त्यांनाच विचारू शकता, आणि आजपासून विचारा. फोनमधले त्यांचे आवाज, व्हॉट्सॲपवर चुकून पाठवलेले तीन सेकंदांचे सुद्धा, फोन बदलायच्या आधी कुठेतरी नीट काढून ठेवा.

तुला पुस्तिका चार-सहाच पानांची करायची आहे, तेव्हा सगळं मावणार नाही. एक दाणा, एक दुष्काळ, एक सही, आणि तिची दोन्ही नावं. मुखपृष्ठावर दोन्ही नावं घाल, माहेरचं आधी. बाकी वहीत राहू दे, ती वही तुझी.

मावशीआजीकडे गेलीस की पहिला प्रश्न कुठला विचारावा, ते सांगून थांबते. तिच्या बापाच्या दावणीला बैल कुठले होते आणि त्यांची नावं काय होती, ते विचार. शेतकऱ्याघरच्या लेकीला बैलांची नावं आठवतात. मला ती पत्राने कळव, मी वाट बघते.